नाव पेढीचे, नोंद कोणाची?

व्यापारी कुटुंबात पेढीच्या नावाला जे मोल असते, ते ताळेबंदात कधीच पुरते उतरत नाही. दुकान भाड्याचे असू शकते, माल उधारीवर आणलेला असू शकतो, माणसे येतात आणि जातात. परंतु पाटीवरचे नाव आजोबांकडून नातवाकडे येते. त्या नावावर परगावचा व्यापारी माल पाठवतो, बँक कर्जाची मर्यादा वाढवून देते आणि नवे गिऱ्हाईक विश्वासाने दुकानाची पायरी चढते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या नावाला आणखी एक रूप प्राप्त झाले आहे. व्हिजिटिंग कार्डावर, बिलाच्या तळाशी, मालाच्या खोक्यावर आता पेढीचे नाव ‘.कॉम’ किंवा ‘.इन’ अशा शेवटासह छापलेले दिसते. संकेतस्थळाच्या या नावालाच व्यवहारात ‘डोमेन’ म्हणतात.

पाटीवरच्या नावाची आपण जितकी काळजी घेतो, तितकी या नावाची घेतो का? हे डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदवले आहे, कोणाच्या नावाने नोंदवले आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणाजवळ आहे, हे चार प्रश्न पेढीवर विचारून पाहावेत. पुष्कळ ठिकाणी मालक मुलाकडे पाहतो, मुलगा संगणक पाहणाऱ्या माणसाकडे पाहतो आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला असतो. डोमेन देणाऱ्या कंपन्यांविषयी ग्राहकांच्या ज्या तक्रारी वारंवार कानी येतात, त्यांतील काही रास्त आहेत आणि त्यांविषयी पुढे लिहिलेच आहे. परंतु सर्वांत मोठे नुकसान होते ते या चार प्रश्नांची उत्तरे घरात नसल्यामुळे.

विकत नव्हे, भाडेपट्ट्याने

“आम्ही डोमेन विकत घेतले” असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः डोमेन कोणालाच विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते, ‘.कॉम’सारख्या नावांची मुदत किमान एक आणि कमाल दहा वर्षे असते. भाडे वेळेवर भरले तर पट्टा पुढे चालू राहतो, न भरल्यास जागा रिकामी होते. फरक एवढाच, की दुकानाचा घरमालक निदान दारावर येऊन बसतो. येथे घरमालक दिसतही नाही.

ही व्यवस्था समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू. संगणकांना आकड्यांऐवजी नावांनी ओळखण्याची आजची पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. पहिले ‘.कॉम’ नाव १५ मार्च १९८५ रोजी अमेरिकेतील सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने नोंदवले. त्यानंतर दहा वर्षे नाव नोंदवणाऱ्याला काहीच मोजावे लागत नसे. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारले जाऊ लागले आणि तेव्हाही हे काम एकाच कंपनीच्या हाती होते. १९९८ साली कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि १९९९ पासून अनेक विक्रेत्यांना नोंदणीची मुभा मिळाली. स्पर्धा आली, भाव उतरले आणि त्याबरोबर आजच्या बहुतेक तक्रारींचे बीजही पेरले गेले.

आपल्या वाचकांना ही साखळी समजणे अवघड नाही, कारण ती घाऊक आणि किरकोळ बाजारासारखीच आहे. ‘.कॉम’ची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. ती झाली घाऊक पेढी, जिला ‘रजिस्ट्री’ म्हणतात. आयकॅनची मान्यता असलेले ‘रजिस्ट्रार’ हे किरकोळ विक्रेते. त्यांच्याखाली पुन्हा उपविक्रेते, म्हणजे वेबसाइट बनवून देणारे स्थानिक व्यावसायिक. आणि शेवटी आपण, नावधारक. ‘.इन’ची मुख्य नोंदवही आपल्याच देशातील ‘निक्सी’ या ना-नफा संस्थेकडे आहे आणि २००५ पासून ती सर्वसामान्यांना खुली झाली. देवनागरीत नाव हवे असेल तर २०१४ पासून ‘.भारत’ हा पर्यायही उपलब्ध आहे.

पहिल्या वर्षाचा भाव आणि दुसऱ्या वर्षाचे बिल

ग्राहकांचा सर्वाधिक राग असतो तो नूतनीकरणाच्या दरावर. पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळालेले डोमेन दुसऱ्या वर्षी हजार-पंधराशेचे बिल घेऊन येते. फसवले गेल्याची भावना होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे व्यापाऱ्याच्या दृष्टीने हिशेब करून पाहावा.

सप्टेंबर २०२४ पासून ‘.कॉम’चा घाऊक दर प्रतिवर्षी १०.२६ डॉलर आहे आणि तो सर्व विक्रेत्यांना सारखाच आहे. रुपयांत तो नऊशेच्या आसपास जातो. २०१२ ते २०२१ या काळात हाच दर ७.८५ डॉलर होता. पुढे दर वर्षी थोडा थोडा वाढत तो येथवर आला. आता जो विक्रेता नऊशेचा माल पहिल्या वर्षी शंभरात देतो, तो आपली तूट कोठून भरून काढणार? दुसऱ्या वर्षाच्या बिलातून, आणि सोबत विकलेल्या इतर सेवांमधून. आपल्या बाजारात घाऊक दरापेक्षा स्वस्त माल देणाऱ्याकडे आपण संशयाने पाहतो. तोच न्याय येथेही लावावा. नाव घेताना पहिल्या वर्षाचा दर न विचारता नूतनीकरणाचा दर विचारावा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून पाच वर्षांचा एकूण खर्च काढावा. असा हिशेब केल्यावर ‘महाग’ वाटणारा विक्रेता पुष्कळदा स्वस्त निघतो.

‘.शॉप’, ‘.स्टोअर’ अशी जी नवी शेपटे निघाली आहेत, त्यांच्याबाबत अधिक सावध असावे. ‘.कॉम’च्या घाऊक दरवाढीवर करारानुसार मर्यादा आहे; या नव्या नावांच्या दरावर तशी मर्यादा नाही. नूतनीकरणाचा घाऊक दर वाढवायचा असेल तर तेथील रजिस्ट्रीला १८० दिवस आधी सूचना द्यावी लागते, परंतु ती सूचना विक्रेत्यांना जाते. आवडते नाव दहा वर्षांसाठी एकदम भरून ठेवल्यास तेवढ्या काळापुरती दरवाढीची चिंता मिटते.

दुसरी तक्रार टोपलीत नकळत शिरणाऱ्या वस्तूंची. पैसे भरण्याच्या पानावर येईपर्यंत ई-मेल, सुरक्षा प्रमाणपत्र, ‘गोपनीयता संरक्षण’ अशा खुणा आपोआप केलेल्या असतात आणि शंभराचे बिल अठराशेवर गेलेले असते. या प्रकाराकडे आता कायद्याचेही लक्ष गेले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत फसव्या रचनेचे तेरा प्रकार सांगितले आहेत. ग्राहकाच्या संमतीवाचून टोपलीत वस्तू घालणे, खरी किंमत शेवटच्या क्षणापर्यंत लपवणे आणि वर्गणी बंद करण्याची वाट मुद्दाम अवघड करणे, हे तीनही त्यांत येतात. तेव्हा अशा बिलाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तक्रार करताना तो उपयोगी पडतो.

मुदत टळल्यानंतरचे ऐंशी दिवस

मुदत संपली म्हणजे नाव त्याच रात्री हातचे गेले, असे नाही. उलट, अजून बराच अवकाश आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. ‘.कॉम’च्या बाबतीत घटनाक्रम असा असतो.

पहिला टप्पा जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. या काळात जुन्या दराने किंवा थोड्या दंडाने नूतनीकरण करता येते. मात्र किती दिवसांची सवलत द्यायची, हे विक्रेता ठरवतो. संकेतस्थळ व ई-मेल या काळात बंद पडतात आणि कित्येक विक्रेते याच टप्प्यात नाव लिलावातही काढतात. दुसरा टप्पा ३० दिवसांच्या ‘सोडवणुकी’चा. येथे नाव परत मिळते, परंतु गहाण सोडवल्यासारखे, मूळ शुल्काच्या कित्येक पट रक्कम मोजून. तिसरा टप्पा ५ दिवसांचा. त्यात कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळे होते आणि क्षणार्धात एखाद्या संगणकीय प्रणालीकडून उचलले जाते, कारण जुन्या, चालत्या नावांवर डोळा ठेवून बसलेले व्यवसाय जगभर आहेत.

“आम्हाला कोणी कळवलेच नाही” ही येथील नित्याची तक्रार. आयकॅनच्या २०१३ पासून लागू असलेल्या नियमानुसार विक्रेत्याने मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना द्यायच्या असतात आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी. सूचना बहुधा जातातही. प्रश्न असा, की त्या जातात कोठे? नोंदणीत जो ई-मेल पत्ता दिला असेल, तेथे. तो पत्ता वेबसाइट करून देणाऱ्याचा असेल, तर सूचना त्याच्याकडे जातात. आणि तो पत्ता त्याच डोमेनवरचा असेल, तर संकट अधिकच विचित्र होते: डोमेन बंद पडताच त्यावरचा ई-मेलही बंद पडतो आणि डोमेन वाचवण्यासाठी आलेली शेवटची सूचना वाचायची सोयच उरत नाही. घराच्या किल्ल्या घरातच ठेवून दार ओढून घ्यावे, तसा हा प्रकार. म्हणून नोंदणीतील पत्ता नेहमी वेगळ्या, स्वतंत्र ई-मेल खात्याचा असावा.

काहीजण म्हणतील, “आम्ही स्वयंचलित नूतनीकरण सुरू ठेवले आहे.” ते अवश्य ठेवावे, परंतु त्यावर विसंबू नये. भारतात रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीसाठी ग्राहकाची आगाऊ संमती आणि वसुलीपूर्वी किमान २४ तास सूचना बंधनकारक केली. ग्राहकाच्या हिताचाच हा नियम आहे. पण त्यामुळे ज्या परदेशी विक्रेत्यांनी ही व्यवस्था बसवली नाही, त्यांची वसुली भारतीय कार्डांवर नाकारली जाऊ लागली. कार्डाची मुदत संपली, बँकेने नवे कार्ड दिले, मोबाइल बदलला, यांतील कोणतेही एक कारण पुरेसे असते. मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. डिसेंबर १९९९ मध्ये नाताळच्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एका डोमेनचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि हॉटमेल वापरणाऱ्या अनेकांना आपल्या खात्यात शिरता येईना. अखेर मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरले. जुलै २०१७ मध्ये मार्केटो या अमेरिकन कंपनीचे डोमेन, स्वयंचलित नूतनीकरण असूनही, मुदतबाह्य झाले आणि तेव्हाही एका ग्राहकानेच शुल्क भरून मदतीचा हात दिला. त्यांना असे भले गिऱ्हाईक भेटले. सर्वांनाच भेटेल, याची खात्री नाही.

नाव गेले तर केवळ संकेतस्थळ जात नाही. त्या नावावर नवा धारक हवा तो ई-मेल पत्ता तयार करू शकतो, अगदी आपल्या हिशेबनिसाचाही. जुने व्यापारी त्याच पत्त्यावर बिले आणि चौकशा पाठवत राहतात. बँक, जीएसटी, वाहतूकदार यांच्याकडे तोच पत्ता नोंदवलेला असेल तर पासवर्ड बदलण्याच्या वाटाही तेथूनच जातात. “आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी” असे पत्र आपल्याच पत्त्यावरून गेले, तर समोरचा व्यापारी का शंका घेईल? डोमेनच्या नावावर लोक किती विश्वास ठेवतात, हे ओळखूनच रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नाव जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्यास सांगितले. बँकांना जी काळजी आवश्यक वाटते, ती पेढीने आपल्या परीने का घेऊ नये?

नोंद कोणाच्या नावावर?

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. पेढीची वेबसाइट करून देणारा तरुण बहुधा ओळखीतला असतो. तो म्हणतो, “काका, डोमेन-होस्टिंगचे सगळे मी बघतो, तुम्ही फक्त वर्षाचे पैसे द्या.” सोय म्हणून ते बरे वाटते. तो आपल्या खात्यात, आपल्या ई-मेलवर आणि पुष्कळदा आपल्याच नावाने नोंदणी करतो. त्यात कपट असतेच असे नाही. बहुतेकदा केवळ आळस असतो. परंतु पुढे त्याचे आणि आपले बिनसले, त्याने व्यवसाय बंद केला किंवा तो परगावी गेला, की ध्यानात येते: पैसे दर वर्षी आपण भरले, पावत्या आपल्याजवळ आहेत, पण नोंदवहीत धारक म्हणून नाव दुसऱ्याचे आहे. जमीन आपण कसावी आणि सातबारा शेजाऱ्याच्या नावावर असावा, तशी ही स्थिती.

कायदा अशा वेळी पूर्णपणे असहाय नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये स्पष्ट केले, की डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते. त्याआधी १९९९ सालीच मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या प्रकरणात नावाशी साधर्म्य साधणाऱ्यांना रोखले होते. ‘.इन’ नावांचे तंटे निक्सीच्या तंटानिवारण धोरणाखाली लवादाकडे जातात, ‘.कॉम’साठी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकसदस्यीय मंडळापुढे अशी तक्रार नेण्याचे शुल्कच १,५०० डॉलर आहे. वकिलाचा खर्च वेगळा. शिवाय प्रतिपक्षाने नाव वाईट हेतूने घेतले, हे दाखवावे लागते. आणि ज्याला आपणच काम सांगितले होते, त्याच्याविरुद्ध हे दाखवणे सोपे नसते. हजार रुपयांच्या नोंदीसाठी लाखाचा वाद अंगावर घेण्यापेक्षा नोंद वेळीच दुरुस्त करून घेणे हे शहाणपणाचे.

ही दुरुस्ती कशी करावी? प्रथम पेढीच्या नावाने, पेढीच्या ई-मेल व मोबाइलवर विक्रेत्याकडे स्वतंत्र खाते उघडावे. नोंदणीच्या अर्जात ‘संस्था’ या रकान्यात पेढीचे अधिकृत नाव भरावे. तो रकाना भरलेला असला, की सामान्यतः ती संस्थाच धारक मानली जाते. मग त्या तरुणाला सौजन्याने सांगून डोमेन आपल्या खात्यात हलवून घ्यावे. विक्रेताच बदलायचा असेल तर ‘ऑथ कोड’ नावाचा एक परवलीचा संकेत लागतो. धारकाने मागणी केल्यावर तो पाच दिवसांत मिळाला पाहिजे, असा आयकॅनचा नियम आहे. मात्र नवी नोंदणी किंवा मागचे स्थलांतर होऊन ६० दिवस झाले नसतील, तर बदल अडतो; म्हणून मुदत संपण्याच्या तोंडावर ही उठाठेव करू नये. नोंदणी किंवा बदल झाल्यावर ई-मेलची पडताळणी करण्याची सूचना येते. ती १५ दिवसांत पूर्ण न केल्यास डोमेन स्थगित होऊ शकते. जाहिरात समजून ते पत्र पुसून टाकू नये.

एकत्र कुटुंबात आणखी दोन प्रसंग येतात आणि दोन्ही प्रसंगी मनाची स्थिती हिशेबाची नसते. पहिला वाटणीचा. दोन भाऊ विभक्त होतात तेव्हा वाटणीपत्रात दुकान, गोदाम, वाहने, देणी-येणी यांची बारीक यादी होते. ट्रेडमार्कचाही उल्लेख होतो. डोमेन मात्र राहून जाते. मग ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तोच त्याचा मालक ठरतो आणि वर्षानुवर्षे जपलेल्या संबंधांत एका पासवर्डवरून वितुष्ट येते. भागीदारीच्या करारात आणि वाटणीपत्रात डोमेनचा स्वतंत्र उल्लेख असावा: ते कोणाकडे जाणार, दुसऱ्याच्या ई-मेल पत्त्यांवर येणारी पत्रे किती महिने पुढे पाठवायची आणि त्या काळातील शुल्क कोणी भरायचे.

दुसरा प्रसंग कर्त्या पुरुषाच्या निधनाचा. खाते वडिलांच्या नावाने, मोबाइल त्यांचा, कार्ड त्यांचे. काही महिन्यांत सिमकार्ड बंद होते, बँक कार्ड रद्द करते आणि मागे राहिलेल्यांना त्या खात्यात शिरण्याचा मार्ग उरत नाही. मृत्यूचा दाखला, पेढीची कागदपत्रे आणि ओळखपत्रे घेऊन परदेशातील विक्रेत्याशी इंग्रजीत पत्रव्यवहार करत बसावे लागते आणि इकडे मुदतीचे दिवस संपत असतात. बँक खात्याला आपण वारस नेमतो. तसा या खात्यातही घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचा मोबाइल आणि ई-मेल पर्यायी म्हणून आजच नोंदवून ठेवावा.

बिलासारखी दिसणारी पत्रे

नूतनीकरणाच्या भीतीवर पोट भरणारा एक वेगळाच धंदा आहे. डोमेनची मुदत जवळ आली की, ज्याच्याशी आपला काही संबंध नाही अशा कंपनीकडून बिलासारखे पत्र येते. रक्कम नेहमीच्या तिप्पट-चौपट असते आणि पैसे भरल्यास नकळत डोमेनच त्यांच्याकडे हलवले जाते. हा प्रकार जुना आहे. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ या कंपनीच्या अशा दिशाभूल करणाऱ्या सूचनांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ साली कारवाई केली होती. दुसरा प्रकार चीन किंवा हाँगकाँगमधून येणाऱ्या ई-मेलचा: “अमुक कंपनी आपल्या नावाची तिकडे नोंदणी करू पाहत आहे, आपण तत्काळ हक्क न सांगितल्यास आमचा इलाज नाही.” अशी पत्रे हजारोंना जातात. त्यांना उत्तर देऊ नये. नियम सोपा आहे: पत्रातील दुव्यावर कधीही पैसे भरू नयेत. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन, आपल्या खात्यात शिरून मुदत पाहावी आणि तेथेच भरणा करावा. चुकून रक्कम गेलीच, तर विनाविलंब सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

विक्रेताच कोलमडला तर

सर्व काही वेळेवर भरूनही नाव धोक्यात येऊ शकते, याचे बोलके उदाहरण २००७ साली घडले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रजिस्टरफ्लाय नावाची स्वस्त दराची विक्रेती कंपनी होती. मालकांत भांडण जुंपले, कारभार ढासळला. ग्राहकांकडून नूतनीकरणाचे पैसे घेतले जात, पण ते घाऊक नोंदवहीपर्यंत पोहोचत नसत. पावती हाती असूनही नावे मुदतबाह्य होऊ लागली. फोन लागत नसत, तक्रारींना उत्तर नसे. अखेर मार्च २००७ मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढून घेण्याचा निर्णय घेतला, ग्राहकांच्या नोंदी मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि मे महिन्यात सुमारे ८,५०,००० नावे दुसऱ्या विक्रेत्याकडे सोपवण्यात आली. या प्रकरणानंतर विक्रेत्यांनी आपल्या नोंदींची प्रत त्रयस्थ संस्थेकडे जमा ठेवण्याची व्यवस्था प्रत्यक्षात आली आणि विक्रेत्यांशी असलेला करारही कडक करण्यात आला.

यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. विक्रेता आयकॅनचा किंवा निक्सीचा मान्यताप्राप्त आहे का, हे त्यांच्या यादीत पाहून घ्यावे. आणि पैसे भरल्यावर केवळ पावतीवर समाधान न मानता मुख्य नोंदवहीत नवी तारीख आली का, हे तपासावे. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन लिहिले, की मुदतीची तारीख कोणालाही विनामूल्य दिसते. पाच मिनिटांचे काम आहे.

दाद कोठे मागावी

मदतकेंद्राशी बोलताना येणारा अनुभव अनेकांना परिचित आहे. आधी यंत्र उत्तर देते, मग मनुष्य. आणि तो मनुष्य आपल्या प्रश्नाआधी नवी योजना सांगू लागतो. अशा वेळी फोनपेक्षा लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक मागून घ्यावा. स्थलांतर अडवले, ऑथ कोड दिला नाही, मुदतीच्या सूचना पाठवल्या नाहीत, अशा बाबतीत ‘.कॉम’ व तत्सम नावांसाठी आयकॅनकडे आणि ‘.इन’साठी निक्सीकडे तक्रार करता येते. दर महाग आहे, या तक्रारीत मात्र आयकॅन लक्ष घालत नाही. बिलातील फसवणूक, न मागितलेली सेवा, परतावा यांसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. विक्रेता भारतात नोंदलेला असेल तर हा मार्ग अधिक फलदायी ठरतो. विक्रेता निवडताना याचाही विचार व्हावा.

वहीतील एक पान

आपल्या पेढ्यांत दुकानाचा परवाना, विम्याची मुदत, वजनकाट्याच्या पडताळणीची तारीख या गोष्टी मुनीमजींच्या वहीत लिहिलेल्या असतात. त्याच वहीत एक पान डोमेनसाठी काढावे. त्यावर डोमेनचे नाव, विक्रेत्याचे नाव, खात्याला जोडलेला ई-मेल व मोबाइल, धारक म्हणून नोंदलेले नाव, मुदतीची तारीख, गेल्या भरण्याची रक्कम आणि घरातील कोणत्या दोन व्यक्तींना हे खाते उघडता येते, इतके लिहावे. पासवर्ड मात्र येथे लिहू नये. तो बंद पाकिटात तिजोरीत असावा. नूतनीकरण शेवटच्या महिन्यावर न ठेवता तीन महिने आधी करावे. आधी भरल्याने एकही दिवस वाया जात नाही. नवे वर्ष जुन्या मुदतीच्या पुढेच जोडले जाते.

दीपावलीत वहीपूजनाच्या दिवशी सारे कुटुंब पेढीवर जमते. त्या दिवशी हे पान उघडून एकदा मोठ्याने वाचावे. तारीख जवळ आली असेल तर तेथेच बसून रक्कम भरावी आणि घरातील धाकट्यांनाही ते खाते कसे उघडायचे, हे दाखवावे. पाटीवरचे नाव कोणी मिळवले, हे त्यांना ठाऊक असते. ते टिकवण्यासाठी दर वर्षी काय करावे लागते, हेही त्यांना कळायला हवे.